कावळा शिवला, पट्टा शिवला

हेमंत, मेल्या…

बघ, पहिल्याच शब्दाला अडखळले. लहानपणापासून तुला मी ‘मेल्या’ म्हणत आले. दूध सांडलंस तरी मेल्या, पहिला नंबर आणलास तरी मेल्या. आता म्हणावं तर ती शिवी राहिली नाही, नुसती माहिती झाली. लाडाची म्हणून एवढी एकच शिवी होती माझ्याकडं, तीही घेऊन गेलास.

सगळ्यांना वाटायचं तू वरून पडून मरणार. आईला वाटायचं, तुझ्या बायकोला, प्राचीला वाटायचं, गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालासुद्धा वाटायचं. पाठीवर इंजिन बांधायचं, त्याला पंखा लावायचा, डोक्यावर कापडाचं छत घ्यायचं आणि स्वतःच्या पायांनी पळत सुटायचं आभाळात, असला उद्योग करणारा माणूस आणखी कसा मरणार? आणि तू मेलास कुठं, तर मनोरच्या फाट्यावर. स्कूटरवर. जमिनीपासून हातभर उंचीवर, भर दुपारी. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून पॅरामोटरचा नवा लाकडी पंखा सोडवून आणत होतास. मागून कंटेनरनं उडवलं. पंख्याला ओरखडासुद्धा नाही. दोन चादरींत गुंडाळून सुतळीनं करकचून बांधला होतास ना, तो कसा मोडेल!

तुझा तो उडणारा मित्र भेटायला आला आणि म्हणाला, “आभाळाची ओढ होती त्याला, आभाळानंच नेला.” मी म्हटलं, आभाळानं कुठं, कंटेनरनं नेला, चहा घ्या. प्राचीनं माझ्याकडं असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. पण खोटं काय बोलले मी? तुझ्याबद्दल लोक इतकं गोड बोलायला लागलेत की तू कोण होतास ते मलाच कळेनासं झालंय. म्हणून हे लिहितेय. तू हट्टी होतास, विसरभोळा होतास आणि माझं ऐकायचं नाही असं ठरवून जन्माला आला होतास.

तुझं पहिलं यंत्र आठवतं? लोखंडी पाइपाचं. कंपनीत मेंटेनन्सला असलेला माणूस, हाताला लागेल ते वेल्ड करणार. पाठीवर घेऊन उभा राहिलास तर गुडघेच वाकले. मी म्हटलं, हे पाण्याच्या टाकीचं स्टँड झालंय, गच्चीवर ठेव आणि गप बस. दोन दिवस बोलला नाहीस. पण तेव्हापासून तुला वजनाचं वेड लागलं ते लागलंच. “ताई, याला चाकं नसतात. माणसाचे पाय हीच चाकं. वजन वाढलं की पाय हळू पडतात, आणि पाय हळू पडले की छत डोक्यावर येतच नाही.” खरं होतं तुझं. मग लोखंड गेलं, अॅल्युमिनियम आलं. पंख्याभोवतीचा गोल पिंजरा तुकड्यातुकड्यांचा केलास, सुटा करून स्कूटरला बांधता येईल असा. त्या पिंजऱ्याची जाळी एडवणच्या बारकूकाकांच्या बायकोनं विणून दिली, मासळीच्या जाळ्याची दोरी घेऊन. कुणाचा हात चुकून पंख्यात जाऊ नये म्हणून. बोल्ट कापून आखूड केलेस. टाकीवरचा स्टिकरसुद्धा खरवडून काढलास, त्याचंही वजन होतं म्हणे! जेवताना मात्र चौथी भाकरी मागायचास. मी म्हणायची, आधी हे वजन कमी कर की.

आणि अंगाला बांधायचे पट्टे माझ्याकडं आले. बोईसरच्या एमआयडीसीत केमिकलवाल्यांना गाळायच्या पिशव्या शिवून देणारी बाई मी. जाड कापड, जाड सुई, मशीन चाललं की पत्र्याची शेड हलते. “ताई, तुझ्या टाक्यावर मी लटकेन,” म्हणालास. उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल एवढं चांगलं दुसरं काही बोलला नसशील. मी तोंड वाकडं केलं, पण त्या दिवशी मी दोन वेळा चहा केला तुझ्यासाठी.

यंत्र हवेत कसं तोलेल ते जमिनीवर कळत नाही, म्हणून तू ते माझ्याच शेडच्या तुळईला टांगायचास. स्टुलावर चढायचं, पट्टे लावायचे, मग स्टूल बाजूला घ्यायचं. पहिल्यांदा असा मागं कलंडलास की पाय छताकडं आणि डोकं माझ्या मशीनवर. मग टांगायचे हूक बोटभर पुढं घेतलेस, परत मागं, परत पुढं. माणूस हवेत किंचित मागं रेलला पाहिजे, जास्त रेलला तर पंखा पुढं ढकलायचं सोडून भलतंच काही करतो, असं सांगत बसायचास. मी खाली पिशव्या शिवायची, तू वर लोंबायचास. माझ्याकडचा रामसागर विचारायचा, “दीदी, साहब को उतारें, या अभी सूखने दें?” तू वरूनच त्याला शिव्या घालायचास आणि सगळी शेड हसायची. इतकी वर्षं ती शेड चालवतेय, पण तिथं हसणं झालं ते तेवढ्या दिवसांतच.

हे यंत्र माणसाला तीन जागी बांधतात. उजवी मांडी, डावी मांडी आणि छाती. छातीचा पट्टा नुसता खांदे आवळून धरतो. खरं वजन पेलतात ते मांड्यांचे. छातीचा लावला आणि मांड्यांचे राहिले तर उभ्याला काही कळत नाही, पळतानाही कळत नाही. पाय जमिनीवरून सुटले की कळतं. माणूस खाली सरकतो, काखेत अडकून लोंबतो, हात वर ओढले जातात आणि यंत्र आपल्या मनानं चालू राहतं. मग हात दमले की संपलं. हे मला तूच सांगितलंस, भजी खात. चांगले शिकलेसवरलेले उडणारे असे गेलेत, म्हणालास. आणि थोड्याच दिवसांत माझ्या डोळ्यांदेखत तू स्टुलावर चढलास, छातीचं बकल टक्कन लावलंस आणि कानाला फोन लावून मला म्हणालास, “ताई, घे स्टूल.”

मी बघितलं. मांड्यांचे पट्टे खाली लोंबत होते.

मी स्टूल ओढलं.

ओढलंच! मग काय ओवाळायला हवं होतं? सर्रकन खाली आलास, काखेत पट्टे रुतले, फोन खाली पडून फुटला, पाय हवेत सायकल मारल्यासारखे चालले होते. “ताई! ए ताई, मरतोय ना मी!” रामसागर धावला, त्याला मी डोळ्यांनीच बसवला. हातातली पिशवी शिवून पूर्ण केली. दुसरी घेतली, तीही पूर्ण केली. मग तुझ्या पायाखाली स्टूल सरकवलं आणि विचारलं, “काय राहिलं होतं?” तू काखा चोळत म्हणालास, “राक्षसीण आहेस तू.” असेन. पण उतरल्यावर पहिल्यांदा तू मांड्यांकडं बघितलंस, हे मी पाहिलं.

मग मी डोकं चालवलं. तुला विसरू नको सांगून उपयोग नव्हता. तू आमच्या लग्नात आहेराचं पाकीट घरी विसरून आलेला माणूस. विसरलास तरी भागेल असं काहीतरी करायला हवं होतं. म्हणून छातीच्या बकलचा अर्धा भाग मी खांद्याच्या पट्ट्यावरून काढला आणि मांड्यांच्या पट्ट्यांना जोडणाऱ्या एका नव्या पट्ट्यावर शिवला. म्हणजे कसं, आधी मांड्या अडकवायच्या, तेव्हा तो पट्टा पोटावरून वर येणार, आणि तेव्हाच छातीला लागायला जोड मिळणार. मांड्या विसरलास तर छाती बंदच होत नाही. इतकं साधं. मी खूश होते. तू ते अंगावर चढवून शेडमध्ये चार पावलं पळालास आणि म्हणालास, “मांडीत अडकतंय.”

एडवणच्या किनाऱ्यावर तर तोंडावरच पडलास. पट्टा तोकडा होता, पाऊल लांब पडेना, छत डोक्यावर आलं आणि तू वाळूत. जुना पंखा मोडला. तोंडात वाळू घेऊन तू मला फोन केलास आणि अर्धा तास भांडलास. “चारशे ग्रॅम वजन आणि वर पायात बेडी!” मी म्हटलं, लांबी वाढवून देते, आण. “नको. मी विसरणार नाही.” मी म्हटलं, परवाच विसरलास. “ते शेडमध्ये. शेडमध्ये माणूस गाफील असतो. समुद्रावर छाती धडधडत असते ताई, तिथं कोण विसरेल?” मी म्हटलं, गाढवा, छाती धडधडते तेव्हाच माणूस विसरतो. तू फोन ठेवलास.

आणि मग भाऊबीज. मी तुला ओवाळलं, दिगूला ओवाळलं. दिगू म्हणजे आपलं शेंडेफळ, त्यानं साडी दिली. तू ताटात एक पुडकं टाकलंस, वर लाल रिबीन. उघडलं तर माझा पट्टा! ब्लेडनं सरळ कापलेला, कडा लायटरनं भाजून बंद केलेल्या, धागा निघू नये म्हणून. मेल्या, कापलास तो सुद्धा किती निगुतीनं! “चारशे ग्रॅम कमी झालं,” म्हणालास आणि सगळ्यांसमोर खिदळलास. बकल परत खांद्यावर नेलं होतंस, पहिल्यासारखं. मी चिडून तो पट्टा शेडच्या शटरच्या किल्लीला बांधला, रोज डोळ्यांसमोर राहावा म्हणून. रोज तो हातात घ्यायचा, कुलूप उघडायचं आणि तुझ्या नावानं दिवस सुरू करायचा. भांडण तिथंच राहिलं. त्या वर्षी तू माझं ऐकणार नव्हतास, पुढच्या वर्षी ऐकलं असतंस. मला घाई नव्हती.

मग मनोर.

दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार तुझं सामान घेऊन आला. पाकीट, चावी, चादरींत बांधलेला पंखा आणि हेल्मेट. हेल्मेट नवंकोरं दिसत होतं. मी विचारलं, हे डिकीत होतं का? तो म्हणाला, “नाही हो मॅडम, डोक्यावरच होतं. पट्टा लावला नव्हता. धडक बसली तसं उडालं, बाजूच्या गवतात सापडलं.” मी हनुवटीखालचं बकल हातात घेऊन बघितलं. ते लावलं, टक्. ते काढलं. परत लावलं. चांगलं होतं.

आणि मी हसले, हेमंत. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. दिगूनं मला दंडाला धरून बाहेर नेलं. लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. तू आत पडला होतास आणि मला एवढंच सुचत होतं की आत जावं, तुझा कान पिरगळावा आणि विचारावं, काय राहिलं होतं? सांग, काय राहिलं होतं?

दहाव्याला मासवणला गेलो, सूर्या नदीच्या काठावर. बायका येत नाहीत म्हणाले, मी जाऊन बसले जीपमध्ये. कोण उतरवणार? गुरुजींनी पिंड मांडले. तुझी आवड म्हणून प्राचीनं वांग्याची भाजी आणि भाकरी पाठवली होती. आणि कावळे काय कमी होते? झाडावर बसून नुसते बघत होते. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल, हात जोडून बोला.

आपले काका म्हणाले, “प्राचीला आम्ही काही कमी पडू देणार नाही.” कावळा नाही. “आईला सांभाळू.” नाही. कुणीतरी म्हणालं, घराचे हप्ते आम्ही बघू. त्यावर तर एक कावळा उडूनच गेला. मग दिगू पुढं झाला. डोळे सुजलेले, हात जोडलेले. “दादा, तुझं नवं यंत्र आम्ही उडवू. मी उडवीन.” एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडापासून हातभर अंतरावर आला आणि मान वाकडी करून थांबला. दिगूला आणखी काय बोलावं सुचेना, आणि मग त्या शहाण्यानं एकदम सांगून टाकलं, “तू केलंयस तसंच उडवू दादा. ताईला हात लावू देणार नाही.”

कावळा शिवला! भाकरी उचलली आणि गेला.

सगळे रडायला लागले. काका मला म्हणाले, “बघ, जीव त्यात अडकला होता.” मला मात्र असा संताप आला की काय सांगू. मेल्यावरसुद्धा माझ्याशी भांडलास आणि पंच म्हणून कावळा आणलास? कावळा शिवला म्हणून डिझाइन पास झालं का? त्याला मांड्या आहेत का पट्टे लावायला? दिगूचा आवाज चढला म्हणून तो बिचकला असेल, भूक लागली असेल, भाकरी वाऱ्यानं हलली असेल. पण तसं बोलायची सोय नव्हती. घरी परत येईपर्यंत तो शब्द पक्का झाला होता. जसंच्या तसं. एक टाकाही बदलायचा नाही.

आता सांग, दिगू कोण? तुझ्याबरोबर कामशेतला उडायला शिकून आलेला, एडवणला तुझ्यापेक्षा बरा उडणारा, मान्य. पण तो तुझाच भाऊ. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेतून परत येणाऱ्या घराण्यातला. आणि त्यात तो उडणार कधी, तर तू गेल्यावर महिनाभराच्या आत, सगळे किनाऱ्यावर उभे, आई रडतेय, प्राची रडतेय. त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर असणार होतं का? मी घरात विषय काढला. म्हटलं, उडव बाबा, हवं तेवढं उडव, फक्त तो पट्टा मी परत शिवते. दिगू म्हणाला, “मी विसरणार नाही, ताई.” हुबेहूब तुझ्या आवाजात.

आई म्हणाली, “कावळ्यापुढं दिलेला शब्द हाय. मोडलास तर माझं पोरगं भटकत राहील.” साताऱ्याहून इकडं येऊन चाळीस वर्षं झाली, पण रागावली की तिचं ‘हाय’ बाहेर येतं.

मी म्हटलं, “भटकू दे.”

आईनं माझ्या थोबाडीत मारली. या वयात, सुनेसमोर. लागलं. मी म्हटलं, “आई, एक भटकला तरी चालेल. दुसरा खाली पडला तर त्याच्या दहाव्याला तू जाशील का?” मग प्राची बोलली, हळू आवाजात. “ताई, तो होता तोवर तुम्हाला त्याच्यावर जिंकायचं होतं. आता तरी सोडा त्याला.” आईची चापट परवडली. दिगू उठला आणि म्हणाला, “हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.” नको बोलूस. न बोलणारा भाऊ असला तरी तो ओवाळता येतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी एकटी शेडवर गेले. किल्लीचा पट्टा सोडला. तुझं यंत्र तुळईला टांगलेलंच होतं, तू टांगलं होतंस तसं. मी ते उतरवलं, पट्टे मांडीवर घेतले आणि तुझी शिवण उसवायला बसले. खांद्यावर बकल शिवलं होतंस ते तू हातानं, गाठी मारून मारून. किती वाईट शिवलं होतंस रे! माझ्याकडं यायची लाज वाटली म्हणून स्वतः सुई घेऊन बसला असशील, बोटं टोचून घेतली असतील. एका गाठीपाशी तपकिरी ठिपका होता. तिथं मी थांबले. बराच वेळ थांबले. मग तोही टाका काढला.

तुझं एक म्हणणं मी घेतलं. पट्टा मांडीत अडकतो हे तू बरोबर बोलला होतास, मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आत्ताही मोठ्यानं करणार नाही. हातभर लांबी वाढवली आणि ती लोंबू नये म्हणून आतून बारीक इलॅस्टिक घालून चुणी केली. पाऊल लांब पडलं की चुणी उघडेल, पाऊल आखडलं की मिटेल. पळताना बेडी नाही. हे तेव्हाच सुचायला हवं होतं, आणि सुचलंही असतं, तू फोन ठेवला नसतास तर. दोघांनी मिळून ते अजून चांगलं केलं असतं.

मशीन सुरू केलं, शेड हलली. कावळा शिवतो तेही शिवणंच म्हणतात आणि मी करते तेही शिवणंच. त्याचं काय, चोच लावली की झालं. माझं चार पदरी, उलटसुलट, वर चौकटीत फुली. तू त्याच्या बाजूचा, माहीत आहे मला. पण दिगू माझ्या शिवण्यावर लटकणार होता.

एडवणला आम्ही सकाळी पोचलो. समुद्र शांत, सुरूच्या झाडांखाली गाड्या लावल्या. बारकूकाका वाऱ्याकडं तोंड करून उभे होते. दिगू माझ्याशी बोलत नव्हता, पण त्यानं यंत्र अजून नीट बघितलंही नव्हतं. त्याला तिकडं बघवत नव्हतं. त्यानं छत वाळूवर पसरलं, दोऱ्या झटकल्या, इंजिन पाठीवर घेतलं. बारकूकाका मला हळूच म्हणाले, “ताई, वारा बरा हाय. पण पोराचं चित्त नाय बरं. आमी सांगू काय, आज नको म्हणून?” मी म्हटलं, थांबा.

तेवढ्यात प्राची गाडीतून उतरली. हातात तुझं हेल्मेट. गवतात सापडलेलं. ती वाळूतून तशीच चालत दिगूपर्यंत गेली, त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. मग ओढला. इतका ओढला की दिगूला खोकला आला. म्हणजे तिलाही माहीत होतं. हवालदारानं तिलाही सांगितलं असणार, आणि इतके दिवस ती ते एकटीच गिळून बसली होती. आई लांबून मोठ्यानं रडायला लागली. दिगूचे डोळे भरून आले. त्यानं समुद्राकडं बघितलं, नाक पुसलं आणि हात छातीकडं नेला.

खांद्यावर बकल नव्हतं.

त्यानं चाचपलं. परत चाचपलं. एका हातात बकलचा अर्धा भाग आणि लावायला पुढं काहीच नाही. “ताई!” माझ्याशी न बोलणारा तो ओरडला. “काय केलंस तू? हात लावलास ना? कुठं गेलं ते?”

मी म्हटलं, “खाली बघ.”

त्यानं खाली बघितलं. मांड्यांचे दोन्ही पट्टे गुडघ्यांपाशी लोंबत होते आणि दुसरा अर्धा भाग त्यांच्या टोकाला, वाळूला टेकलेला.

बारकूकाकांनी टोपी काढली. दिगू तसाच पाठीवर इंजिन घेऊन मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. प्राची माझ्याकडं बघत होती. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला फार बरं वाटेल. मी जिंकले होते रे. साक्षीदारांसमोर, तुझ्याच यंत्रावर, तुझ्याच भावावर. आणि ज्याला ‘बघ, सांगत होते ना’ म्हणायचं तोच नव्हता. इतकं घाणेरडं जिंकणं वैऱ्यालाही मिळू नये.

मी जाऊन दिगूला उठवलं. उजवी मांडी, डावी मांडी, मग छाती. टक्. त्यानं विचारलं, “दादा रागावेल का ग?” मी म्हटलं, “रागावू दे. पळ.” तो पळाला. चुणी उघडत होती, मिटत होती. कुठं अडकलं नाही. छत डोक्यावर आलं, तुझा नवा पंखा गरजला आणि पाय सुटले. तुझ्या हुकांचा तोल बरोबर होता, हेमंत. अगदी बोटाबोटानं बरोबर. आरामखुर्चीत बसल्यासारखा किंचित मागं रेलून तो केळव्याच्या बाजूला गेला, ठरल्याप्रमाणं अलीकडूनच वळला आणि आमच्या डोक्यांवरून परत आला. इतकं सुंदर उडतं ते यंत्र, आणि तू ते एकदाही बघितलं नाहीस. तुझी मला दया आली नाही, खरं सांगते. राग आला. अजून येतो.

आई आता माझ्याशी बोलते, पण रोज संध्याकाळी दाराबाहेर पाणी ठेवते. शब्द मोडला ना मी, म्हणून तू भटकत राहणार असं ती धरून बसलीय. बरं आहे. भटकायचंच असेल तर लांब कशाला, शेडवर ये. दिगूनं यंत्र परत आणून तुळईला टांगलंय. स्टूल खालीच आहे. चढ आणि तुझं ते सुरू कर, ताई, वजन वाढलं, ताई, अडकतंय. मी मशीन बंद करून ऐकेन. फक्त मांड्यांचे आधी लाव. नाही लावलेस तर या वेळीही ओढीन.